पातळ हवेत

(सुईण एउसेबिया काताकोरा, तितिकाका सरोवराकाठी)

सरक ना बाळा, जरा खाली सरक.
तुझी आई दोर धरून उकिडवी बसलीय
आणि माझे गुडघे काही सोळा वर्षांचे नाहीत.
दोन कळांच्या मधे वेळ आहे थोडा,
तोवर तुझीच गोष्ट सांगते.

बटाट्याची पेरणी चालली होती.
तुझा बाप चार दिवसांसाठी एल आल्तोहून आलेला,
नखांत सिमेंट घेऊन.
त्या रात्रीचं मला काय ठाऊक?
पण दवाखान्यातला पोरगेला डॉक्टर, एल्मेर,
भिंतीवरच्या तक्त्यावर काठी ठेवून सांगतो:
कोट्यवधी निघाले, शेकड्यांनी पोचले,
आत शिरला एक,
आणि दार लागलं.
मी म्हटलं, असलं दार आमच्या गावसभेला बसवा.

मग एकाचे दोन, दोनाचे चार,
तुतीसारखा गोळा, म्हणाला.
चार हजार मीटरवर कुठली तुती?
किनोआचं कणीस म्हण की.
छे, तेवढंही नाही:
किनोआचा एक दाणा, आणि त्या दाण्याच्या आत कणीस.
सहा दिवस जागा शोधत फिरलंस.
आई तेव्हा मेंढ्या मोजत होती,
एक कमी भरत होती,
एक जास्त झालंय याचा तिला पत्ता नव्हता.

रुजलंस ते मला तक्त्याविनाच कळलं.
सरोवराकाठची बाई,
आणि तिला मासळीचा वास सोसेना!

बाविसाव्या दिवशी काहीतरी थडथडलं.
हृदय नव्हे अजून, एल्मेर म्हणतो, नळी.
नळी तर नळी.
कुणी न सांगता सुरू झाली.

गळ्याला माशासारख्या घड्या होत्या तुझ्या,
त्यांतूनच जबडा झाला, कानातली इवली हाडं झाली:
रडायचं आणि ऐकायचं एकाच कापडातून बेतलेलं.
शेपूटही होती.
कुठं गेली, मी विचारलं.
आखडून आत गेली म्हणे,
थंड दगडावर बसलं की अजून कुरकुरते.
हात आधी बदकाच्या पायासारखे;
मग बोटांमधलं कातडं मेलं.
मधलं मरतं तेव्हा बोट बोट होतं.
हे मात्र मी तीनदा विचारून घेतलं.

तुझ्या आधी एक होतं.
तीन महिन्यांचं. या तळव्यावर मावलं.
त्याचीही बोटं सुटी झाली होती.
तक्त्यावर त्याच्यासाठी रकाना नाही.
बासिलियानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही,
पण मी मोजली होती. दहा.

शहरातली माणसं इथं पायरीवर टेकतात, धापा टाकत.
तू तर या पातळ हवेचीही गाळून आलेली हवा खाल्लीस.
आईचं रक्त तुझ्यात कधी मिसळलं नाही,
मधे वारेची भिंत,
भिंतीतून शेजारणींसारखी देवघेव.
वार तुझ्या मागून येईल. ती तुझं भावंडच,
तिला धुवून, नीट गुंडाळून उंबऱ्याशी ठेवू.

आज पहाटे आई चुन्यो तुडवत होती.
रात्रभर हिमात गोठलेले बटाटे,
अनवाणी पायांनी दाबून त्यांचं पाणी काढायचं.
पायाखाली ओल आली
आणि तिला वाटलं, बटाट्यांचीच.
मग कोमट लागली.

आता बोलणं पुरे. बासिलिया, दोर सोडू नको.
डोकं आलं.
केस आहेत गं, काळेभोर, चिकट.
खांदा फिरव बाळा, असा,
माझ्या हाताला ठाऊक आहे वाट, हाताचं ऐक.

एल्मेर सांगतो, हृदयात एक झडप उघडी असते पोटात असेपर्यंत,
पहिल्या श्वासाला ती लागते.
आत येताना एक दार लागलं होतं,
बाहेर येतानाही एक.

रडत का नाहीस?
रड ना.
पाठ चोळते, थांब, ऊन कापड दे गं कुणी.
रड बाळा, हवा पातळ आहे,
पण तुझ्यापुरती आहे.

अस्सं.

कुणीतरी टेकडीवर जा, बापाला फोन लावा.
रेंज तिथंच मिळते.